दुबईच्या नळाचे पाणी

जून महिन्यात मुलाकडे दुबईला जायचे ठरले, तेव्हा विहारात भेटणाऱ्या आमच्या उपासिका भगिनींचा एकच प्रश्न होता, "तिथं सगळं वाळवंट. मग प्यायचं पाणी कसलं?" उत्तर माझ्याजवळ नव्हते. दीड महिना राहून आले आणि बरेच कळले. आपल्या समाजाची पुष्कळ मुले आखातात कामाला आहेत, त्यांचे आईवडीलही आता जाऊ-येऊ लागले आहेत. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिल्याच दिवशी दुपारी हात धुवायला थंड पाण्याचा नळ सोडला आणि चटका बसला. सूनबाई म्हणाली, "आई, उन्हाळ्यात इथं सगळं उलटं. लाल खुणेचा नळ सोडा." गच्चीवरच्या टाकीतले पाणी उन्हाने तापते. गिझर मात्र घरात, एसीच्या गारव्यात. तो बंद ठेवला की त्यातले पाणी निवते. गंमत वाटली, पण ही सोय आंघोळीपुरतीच. गिझरच्या टाकीत साचलेले पाणी पिऊ नये.

दुबईला नदी नाही, पाऊस वर्षातून थोडेच दिवस. १९५० च्या दशकापर्यंत विहिरींचे पाणी डब्यांत भरून गाढवांवरून घरोघर विकायला येई. आज पिण्याचे जवळजवळ सर्व पाणी समुद्राचे आहे. इतर समुद्रांत लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आखातात ४० ग्रॅमच्याही वर. जेबेल अली येथील प्रचंड कारखान्यात वीज तयार करताना जी वाफ वापरतात तिच्याच उष्णतेने समुद्राचे पाणी तापवतात. कमी-कमी दाबाच्या खोल्यांतून ते नेले की त्याची वाफ होते, ती थंड करून गोडे पाणी मिळते. नव्या यंत्रांत पाणी मोठ्या दाबाने बारीक पडद्यातून ढकलून मीठ मागे ठेवतात. असे पाणी अगदी बेचव असते व नळही खाते, म्हणून त्यात चुन्यासारखी खनिजे व शेवटी क्लोरीन मिसळतात. हे सारे दुबईचे वीज व पाणी प्राधिकरण पाहते. रस्त्याखालच्या नळापर्यंत हे पाणी पिण्यास योग्य असते.

अडचण पुढे आहे, इमारतीच्या टाकीत. टाकी वर्षातून दोनदा धुवावी अशी अपेक्षा असते. पण झाकण सैल असेल, धुणे राहून गेले असेल, तर कारखान्याने केलेली मेहनत वाया जाते. शिवाय उष्णतेने क्लोरीन लवकर उडतो. मुलाच्या शेजारचे कुटुंब महिनाभर गावी जाऊन आले. आल्या-आल्या मुलांनी नळाचेच पाणी प्यायले आणि धाकट्याला दोन दिवस जुलाब झाले. पाण्यानेच झाले असे डॉक्टरही छातीठोक सांगेनात, पण मी मात्र त्या दिवसापासून सावध झाले.

तेव्हा जाणाऱ्यांनी इमारतीच्या पहारेकऱ्याला टाकी कधी धुतली ते विचारावे, लाजू नये. बंद घर उघडल्यावर सगळे नळ पाच-दहा मिनिटे वाहू द्यावेत. शॉवर सोडून आपण बाहेर उभे राहावे, कारण कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि ते तुषारांबरोबर श्वासातून छातीत जातात. टाकीची खात्री नसेल तर पाणी उकळून प्यावे. उकळल्याने जंतू मरतात, गंज किंवा क्षार जात नाहीत, हेही ध्यानात असावे. बहुतेक घरांत मोठ्या बाटल्या विकत येतात. त्यांचे सील पाहावे आणि ज्या यंत्रावर त्या उलट्या ठेवतात त्याची तोटी अधूनमधून धुवावी. ती कोणी धुत नाही! मोटारीत तापलेल्या बाटलीतले पाणी पिऊ नये.

एका संध्याकाळी बाजारातून येताना घसा कोरडा पडला. मशिदीच्या भिंतीला थंड पाण्याचे कूलर लावलेले. आपल्याकडे मोहरमला सबील लावतात, तीच ही, फक्त बारा महिने. माझे पाऊल अडखळले. लहानपणी गावच्या आडावर आम्ही दूर उभे राहायचो, कोणी वरून ओंजळीत पाणी ओतेल तेव्हा प्यायचो. साठ वर्षे होऊन गेली, तरी पाय आधी थांबतातच. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे गोरेगावला निघाले, तेव्हा रात्रभर पाण्यावाचून राहिले. जवळ डबा होता, पाणी नव्हते. प्रवासात पाणी चांगले की वाईट, हा प्रश्न आपल्या वाट्याला फार उशिरा आला.

हा धर्माचा गुण असे मात्र मी म्हणणार नाही. १९३४ साली दौलताबादच्या हौदावर बाबासाहेबांना अडवणारे मुसलमानच होते. आणि दुबईतही खोली देताना आडनाव विचारणारे आपल्याच देशाचे लोक भेटतात, असे मुलगा सांगतो.

त्याच कूलरपाशी परभणीकडचा एक मुलगा पाच लिटरचा कॅन भरताना भेटला. माझे मराठी ऐकून "जयभीम मावशी" म्हणाला. इमारतींच्या बांधकामावर असतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम कायद्याने बंद असते, मालकाने सावली आणि थंड पाणी द्यायचे असते. "मिळतं का?" मी विचारले. "मिळतं, पण खोलीवरच्या नळाला वास येतो. म्हणून इथून नेतो." घाम इतका येतो की नुसते पाणी पुरत नाही, पायात गोळे येतात, असेही तो म्हणाला.

परत आल्यावर त्याने दिलेल्या नंबरवर त्याच्या आईशी बोलले. तिने सगळे ऐकून घेतले आणि हळूच विचारले, "तिथं पाणी भरताना कुणी काही म्हणत न्हाई ना?" नाही, म्हटले. मग जुलाब झाले तर काय द्यायचे ते तिने लिहून घेतले. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दोनदा वाचून दाखवले आणि रात्री फोनवर त्याला सांगते म्हणाली.