कुडाच्या भिंतीआड

सिद्धगडाच्या माचीकडे चढताना रान कुठे सरलं आणि वाडी कुठे लागली हे चटकन कळत नाही. घरंही रानातलीच. मेढी रानातल्या लाकडाच्या, छपराखाली बांबू, वर गवताचा शाकार, आणि भिंती कारवीच्या. वाळक्या काठ्या एकीला एक भिडवून उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांनी आवळायच्या, दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची, झाला कुड. सह्याद्रीत याहून शहाणी भिंत कुणी बांधली असेल असं मला वाटत नाही. जवळ जाऊन पाहावी. लिंपणावर सारवणाऱ्या बाईची बोटं अर्धगोलात उमटलेली असतात, आणि पोपडा उडालेल्या जागी खरबरीत काठ्या डोकावतात.

कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. सगळा उतार एकदम जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते, बोंडं वाळली की तडतडून फुटतात आणि झुडपं मरून जातात. मेलेल्या काठ्या घराच्या भिंती होतात, खाली पडलेलं बी पुन्हा उतार धरून ठेवतं.

अशा घरात माणूस एकटा नसतो. चुलीचा धूर गवतातून झिरपत बाहेर जातो. तो आढ्याला काळं करतो, पण बांबूला कीड लागू देत नाही. कोपऱ्यात कुंभारीण माशी ओल्या मातीची गोळी तोंडात धरून येते आणि गोळीशेजारी गोळी थापत आपली खोली बांधते. तिच्या खोलीत पिल्लांसाठी कोळी किंवा अळ्या कोंबलेल्या असतात. उंदरांच्या मागावर धामण येते. तिचं भय नाही. भय मण्यारीचं, कारण ती रात्रीची फिरते आणि माणसं जमिनीवर निजतात. बिबट्याची चाहूल असली की शेळ्या घरात घेतात. हे शेजारपण गोड गोड नाही, आणि म्हणूनच मला त्याचा आदर वाटतो.

बाहेर झाडांच्या शेंड्यात शेकरूचीही घरं असतात, काटक्या-पानांची. ते एका घरट्यावर भागवत नाही, चार-दोन बांधून ठेवतं. फांदीवरून फांदीवर जाता यावं म्हणून त्याला गच्च, जुनं रान लागतं. त्याच्यासाठीच 1985 साली भीमाशंकर अभयारण्य झालं आणि सिद्धगड त्यात आला. याच रानात आसरा घेतलेले स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 रोजी इथेच हुतात्मा झाले. रानाने किती जणांना आसरा दिला, तो हिशेब फक्त जनावरांपुरता मांडू नये.

आता पत्रे आले, सिमेंट आलं. पावसात गळणारं छप्पर दरसाल शाकारण्याचे कष्ट ज्याने उपसलेत त्याला पत्रा का आवडतो हे मी समजू शकतो. पण फुलून मेलेल्या कारवीवर वाडीचा हक्क राहावा असं मला मनापासून वाटतं. वनहक्काचा 2006 चा कायदा गौण वनोपजावरचा हक्क मानतो. मग या काठ्यांसाठी माणसाला चोरासारखं का जावं लागावं?

शिवाय कुड बांधणं पाहूनच शिकायचं असतं. एक फुलोरा असाच गेला तर दहा वर्षांचं पोर अठराचं होतं आणि शहरात कामाला लागतं. पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबू नये. जुन्या भिंतीची डागडुजी निघेल तेव्हाच म्हाताऱ्यांशेजारी पोरांना बसवावं, आणि कामटी त्यांच्याच हातून आवळून घ्यावी.