अंगठा बरा होईपर्यंत

पुण्यात सुताराचा रोज आज हजार-बाराशेच्या घरात आहे. पंचवीस दिवस भरले तर महिना बरा जातो, पण ते भरणं आपल्या हातात नसतं. घरमालकाने प्लाय वेळेवर आणला नाही, सोसायटीने मुलांच्या परीक्षांमुळे ठोकाठोक बंद ठेवली, ठेकेदाराचं मागचं बिल अडकलं, की खाडा. असे खाडे आम्ही धरूनच चालतो. भिशी, दुकानदाराची वही आणि बायकोचा बचत गट यांवर आठ-दहा दिवस निभावतात. सलग तीन महिन्यांच्या खाड्याला यातलं काहीच पुरत नाही, हे मी २०२३च्या पावसाळ्यात भोगलं, आणि तेव्हापासून या विषयाचा पिच्छा सोडलेला नाही.

बाणेरला एका फ्लॅटमध्ये वॉर्डरोबच्या शटरचं काम चालू होतं. एकोणीस एमएमचा प्लाय, वरून सनमाईका. उजव्या हातात कटर मशीन, डाव्या हाताने पट्टी दाबून धरलेली. प्लायच्या आतल्या थरात कुठेतरी गाठ असावी. पातं अडलं आणि मशीनने मागे झटका मारला. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी आडवा काप गेला. रक्त बघून मी घाबरलो नाही, या धंद्यात रक्त बघायची सवय होते. अंगठ्याचं पेर आत वळवायला गेलो आणि ते वळेना, तेव्हा मात्र पोटात खड्डा पडला.

डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे, पण अंगठा वळवणारी आतली दोरी तुटलीय. शिवावी लागेल." ऑपरेशन नीट झालं. नंतर त्यांनी मला समोर बसवून समजावलं: टाके दोन आठवड्यांत निघतील, जखम भरलेली दिसेल, पण आतली शिवण कच्ची असते. सहा आठवडे हाताला आधाराची पट्टी, तिच्यात ठरवून दिलेले व्यायाम, आणि बारा आठवडे होईपर्यंत त्या हाताने जोर करायचा नाही. "घाई केलीत तर शिवण उसवेल. मग पुन्हा ऑपरेशन करूनही पहिल्यासारखा अंगठा मिळेल असं मी सांगू शकणार नाही."

लोकांना वाटतं, डावाच हात आहे, उजवा तर धड आहे ना? खिळा डावा अंगठा धरतो. पटाशीची धार कुठे बसवायची ते तोच ठरवतो. गुण्या लाकडाला टेकवून धरायचा तर तिथेही तोच लागतो. उजवा हात ताकद लावतो, काम सरळ येतं ते डाव्यामुळे.

घरी आल्यावर बायकोने पत्र्याच्या पेटीतून सगळे कागद काढून पलंगावर मांडले. घरात विमा नव्हता असं नाही. बँकेच्या खात्यातून दरवर्षी मे महिन्यात प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० रुपये जात होते. त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले तरी दोन लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर एक लाख. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं कार्ड होतं. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला जोडून ते काढलं होतं. त्याच्या योजनांच्या पत्रकात कामावर मृत्यू आल्यास वारसाला पाच लाख, कायमच्या अपंगत्वाला मदत, पोरांना शिष्यवृत्ती असं बरंच काही होतं. बायको एकेक ओळ वाचत होती आणि मी प्रत्येक ओळीला मान हलवत होतो. मी मेलो नव्हतो. माझा हात गेला नव्हता. तो बरा होणार होता, फक्त तीन महिन्यांनी. त्या तीन महिन्यांचं घरभाडं, गॅस, पोरीच्या क्लासची फी आणि गावाकडे आईला पाठवायचे पैसे यांच्यासाठी त्या कागदांत एकही ओळ नव्हती.

हात गेला तर पैसे आहेत. हात वाचवायला लागणारा वेळ विकत घ्यायला पैसे नाहीत. ही उलटी रीत मला तेव्हा समजली आणि अजून सहन होत नाही.

तिची किंमत काय होते, ते मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. आमच्याच साइटवर राजस्थानचा एक कारागीर होता, हात अत्यंत सफाईदार. त्याचीही अशीच दोरी तुटलेली, माझ्या आधी दोन वर्षं. टाके निघाल्या निघाल्या तो कामावर आला, कारण गावी पैसे पाठवायचे होते. महिन्याभरात दरवाजा उचलताना आत काहीतरी 'टक्‌' झालं म्हणाला. त्याचं बोट आज सरळच राहतं, मूठ बंद होत नाही. कुठल्याही योजनेच्या हिशेबात ते 'हात गेला' असं धरत नाहीत, कारण हात तर मनगटाला जोडलेला आहे. आता तो सनमाईका चिकटवायच्या कामावर असतो आणि निम्म्या रोजावर राबतो.

त्याच दिवसांत मेव्हणा भेटायला आला. तो चाकणला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. वर्षभरापूर्वी त्याच्या डाव्या हाताच्या बोटाचं टोक प्रेसखाली गेलं होतं. मी त्याला विचारलं, "तुझं घर तेव्हा कसं चाललं रे?" तो म्हणाला, "दाजी, ईएसआय होतं ना." मग त्याने सगळं सांगितलं, आणि मी वहीत लिहून घेतलं.

कामावरच्या अपघाताने घरी बसावं लागलं तर ईएसआयमधून, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यातून, सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, डॉक्टर 'फिट' लिहून देईपर्यंत. साध्या आजारपणाला ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. उपचार ईएसआयच्याच रुग्णालयात, बायकापोरांसकट. आणि बोट गेल्यामुळे कमाईची क्षमता किती टक्के घटली हे वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि त्या प्रमाणात कायमचं मासिक वेतन बांधून मिळतं. हे सगळं १९४८ सालच्या कायद्याने, म्हणजे माझ्या वडिलांच्या जन्माआधीपासून आहे. मेव्हण्याचा पगार तेव्हा १८ हजार, म्हणजे २१ हजारांच्या मर्यादेच्या आत. त्याच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे महिन्याला १३५ रुपये कापले जायचे. कंपनी सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५ रुपये भरायची. दोन्ही मिळून ७२०.

तो बोटाचे व्यायाम न चुकता करायला गेला होता, कारण घाई करायची त्याला गरजच नव्हती. आम्ही दोघं एकाच पलंगावर बसलो होतो. दोघांचाही डावा हात, दोघांचंही मशीनवरचं काम. फरक इतकाच, की त्याच्या मशीनवर छप्पर एका मालकाचं होतं आणि माझं मशीन मी पिशवीत घालून दर पंधरा दिवसांनी नव्या दारी जात होतो.

ठेकेदाराबद्दल मी वाकडं बोलणार नाही. तो दवाखान्यात आला, पाच हजार हातात ठेवले, म्हणाला, "मिस्त्री, काळजी करू नका, बरे व्हा, काम तुमचंच आहे." तेव्हा लागू असलेल्या १९२३च्या भरपाई कायद्याप्रमाणे तात्पुरत्या अपंगत्वात मालकाने दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाच्या २५ टक्के द्यायचे असत, म्हणजे साधारण निम्मा पगार. हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५ हजार धरायचं. त्याप्रमाणे मला महिन्याला साडेसात हजार मिळायला हवे होते. एका ओळखीच्या वकिलांनी हे सांगितलं आणि लगेच विचारलं, "तू त्याचा नोकर, याचा कागद आहे का?" हजेरीची वही ठेकेदाराकडे, पैसे रोखीत, आणि त्याच्या हाताखाली असूनही मी चार जणांची कामं घेणारा. कागद नव्हता. आणि खरं सांगायचं तर कागद असता तरी ज्याच्याकडून पुढचं काम यायचं त्याच्यावर दावा कोण लावतो? कायदा आहे, पण तो वापरणाऱ्याला पुण्यातल्या पुण्यात काम मिळायचं बंद होईल, ही भीती खरी आहे.

माझे आजोबा वाई तालुक्यातल्या एका गावचे सुतार होते. नांगर, मोटेचं लाकडी सामान, बैलगाडीची चाकं, सगळ्या गावाची. सुगीला घरोघरचं बलुतं यायचं. वडील सांगायचे, आजोबा एकदा पायाचं हाड मोडून अख्खा उन्हाळा ओसरीवर बसून होते, पण त्या वर्षीही धान्य आलं. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. बलुतं मागायला खळ्यावर जाऊन उभं राहावं लागे, जातीने बांधलेलं काम सोडता येत नसे, आणि ज्यांचं काम सर्वांत हलकं ठरवलेलं त्यांच्या वाट्याला अपमान सर्वांत जास्त येई. ते गेलं ते बरंच झालं. पण काम करणारा पडला तरी त्याचं घर वर्षभर चाललं पाहिजे, एवढी गोष्ट त्या व्यवस्थेलाही कळत होती. ती जाताना तेवढी गोष्टही घेऊन गेली, आणि तिच्या जागी आमच्यासाठी काही आलं नाही.

मी पुरे बारा आठवडे घरी बसू शकलो, ते बायकोमुळे. तिने दोन जास्तीची घरं धरली, गटातून कर्ज काढलं, आणि मी राऊटर मशीन विकलं. अंगठा आज करंगळीच्या बुडापर्यंत वळतो. कर्ज फेडायला मात्र दीड वर्ष लागलं.

कामावर परतल्यावर मी विमा शोधायला लागलो, जो रोज बुडाल्याचे पैसे देईल. बचत गटातल्याच एक ताई विम्याचं काम करतात. त्यांनी वैयक्तिक अपघात विमा दाखवला, त्यातच 'तात्पुरतं पूर्ण अपंगत्व' नावाचं जास्तीचं कलम घेता येतं. आठवड्याला विमा रकमेच्या एक टक्का, साधारण शंभर आठवड्यांपर्यंत. पाच लाखांच्या विम्यावर आठवड्याला पाच हजार. मला हायसं वाटलं. मग फॉर्म भरायला बसलो. "दादा, व्यवसायात काय लिहू?" मी म्हटलं, सुतार. त्यांनी तक्ता पुढे केला. वकील, डॉक्टर, हिशेबनीस पहिल्या गटात. अंगमेहनत करणारे, गॅरेजवाले, लाकूडकामाच्या मशीनवर काम करणारे दुसऱ्या गटात, हप्ता जास्त. ज्याला धोका जास्त त्याला हप्ता जास्त, हे व्यवहार म्हणून मला समजतं. पण पुढचा प्रश्न अवघड होता. उत्पन्नाचा पुरावा. विमा रक्कम उत्पन्नाच्या पटीत मिळते आणि रोखीच्या रोजाला पुरावा नसतो. म्हणून मी त्या वर्षीपासून प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायला लागलो. कर शून्य लागतो, पण कमाई कागदावर येते. ठेकेदारालाही सांगितलं, निदान अर्धे पैसे खात्यावर टाका.

आणि एक ओळ मी ताईंना तीनदा वाचायला लावली. बऱ्याच पॉलिसींत लिहिलेलं असतं की विमाधारक 'कोणतंही काम किंवा व्यवसाय' करायला असमर्थ हवा. अंगठ्याला पट्टी बांधलेला सुतार गेटवर रखवालदार म्हणून बसू शकतो, असं उद्या कोणी म्हटलं तर? 'स्वतःचा व्यवसाय करायला असमर्थ' अशी भाषा आहे का, हे आमच्या लोकांनी सही करण्याआधी विचारलंच पाहिजे. आठवड्याच्या रकमेला कमाल मर्यादा काय, पहिले किती दिवस धरत नाहीत, तेही.

गेल्या वर्षी आमच्यातला एक रंगारी रंगकामाच्या घोड्यावरून पडला, टाचेचं हाड मोडलं. माझ्याच आग्रहाने त्याने विमा घेतला होता. डॉक्टरांचा दाखला, एक्स-रे, विवरणपत्र, फिटनेसचा कागद असं सगळं जमवताना तो वैतागला, पैसे यायला वेळ लागला, पण आले. टाच भरेपर्यंत तो शिडीवर चढला नाही. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या फरशीवाल्या मिस्त्रींची कंबर गेली. गुडघ्यावर बसून वीस वर्षं फरशी घासल्यावर जाते तशी. त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण अपघात विम्यात आजार येत नाही. फरशीवाल्याची कंबर, आमच्या छातीतला लाकडाचा भुसा, वेल्डरचे डोळे हे एका दिवसात होत नाहीत, म्हणून ते अपघातात मोजत नाहीत.

बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, तो आमच्याच नावाने. १९९६च्या कायद्यात मंडळाची कामं सांगितली होती, त्यांत पहिलंच काम लाभार्थ्याला अपघातात तातडीची मदत देणं हे होतं. आता जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत, २१ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू आहे, आणि असंघटित कामगारांसाठी ईएसआयमार्फत योजना आखायची मुभा तिच्यात आहे. आमच्या नाक्यावरच्या सुतार, रंगारी, फरशीवाले, वायरमन अशा सगळ्यांच्या सह्या घेऊन आम्ही अर्ज तयार केलाय. त्यात दोनच मागण्या आहेत. डॉक्टरने घरी बसायला सांगितलेल्या दिवसांचा अर्धा रोज उपकराच्या पैशातून मिळावा. आणि मेव्हण्याच्या नावाने जे ७२० रुपये महिन्याला भरले जायचे, ते आम्हाला स्वतःच्या खिशातून भरता येतील अशी सोय करावी. सही करताना कुणीही विचारलं नाही की ७२० जास्त होतात का. सगळ्यांनी विचारलं ते एकच, की भरायचे कुठे.