शेवटची ओळ

कविता कोठें सुरू करावी हें कवीला पुष्कळदां आपोआप सुचतें. ती कोठें संपवावी हें मात्र त्याला ठरवावें लागतें. आणि मागच्या साऱ्या ओळींचें भवितव्य या निर्णयावर अवलंबून असतें, असें मला वाटतें.

बालकवींची 'औदुंबर' ही कविता घ्या. अवघ्या आठ ओळींची. झरा, चिमुकलें गांव, शेतमळे, पायवाट यांवरून आपली दृष्टि सावकाश डोहापाशीं येते, आणि ज्याचें नांव कवितेला दिलें तो औदुंबर भेटतो अगदीं शेवटच्या ओळींत. तो नुसता वृक्ष, कीं कोणी विरक्त पुरुष, यावर रसिकांनीं पुष्कळ वाद घातला आहे. वाद कांहींही असो. तो भेटतांच आधींची हिरवीगार प्रसन्नता एकाएकीं गंभीर होते. शब्द तेच राहतात, त्यांचा रंग पालटतो. याउलट कित्येक कवि शेवटच्या कडव्यांत तात्पर्य सांगूं लागतात. सुग्रास जेवण झाल्यावर यजमानानें पदार्थांचीं नांवें मोजून दाखवावीं, तसा तो प्रकार!

आमच्या जळकोटच्या बाजूला या शेवटाचा संस्कार दोन वाटांनीं आला. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी. गझलेच्या अखेरच्या शेरांत, म्हणजे मक्त्यांत, कवीचें नांव येतें. अभंगाच्या अखेरच्या चरणांत संताची नाममुद्रा येते. दोन्हीकडे बोलणारा शेवटीं जणूं सही करतो: हें मीं म्हटलें, याची जबाबदारी माझी.

परंतु अभंग गाइला जातो तेव्हां आणखी एक गोष्ट घडते. नाममुद्रेचा चरण झाला कीं गाणारे पुन्हां ध्रुवपदावर येतात. माझे वडील अखेरच्या आजारांत असतां शेजारची भजनी मंडळी संध्याकाळीं ओसरीवर येऊन बसत. आजारी माणसाला श्रम नकोत म्हणून मंडळी नाममुद्रेशींच थांबूं पाहत. वडील अंथरुणावरून बोटानें खूण करीत, ध्रुवपद पुन्हां घ्या. एकदां मीं विचारलें, "अप्पा, अभंग तर संपला ना?"

ते म्हणाले, "संपला म्हणूनच पुन्हां म्हणायचा. आतां कुठें कळायला लागला."

वडील मोठे तापट होते. लहानपणीं त्यांची आम्हां भावंडांना भीतीच वाटे, आणि ती आठवण मीं पुष्कळ वर्षें जपून ठेविली होती. त्या संध्याकाळनंतर ती आठवण मृदु झाली. घडलेलें कांहीं पुसलें गेलें नाहीं. पण त्या बोटाच्या खुणेवरून मागें पाहूं लागलों, तेव्हां त्या रागाच्या मागची काळजीही दिसूं लागली. शेवट मागील काळावर असा उजेड टाकूं शकतो.

म्हणून कविता वाचून झाली कीं मी पुस्तक लगेच मिटीत नाहीं. एकदां पहिल्या ओळीवर परत जातों. तेथें कांहीं बदललें नसेल, तर ती कविता माझ्यापुरती संपली. बदललें असेल, तर तिच्या शेवटानें आपलें काम केलें.