गोड्या पाण्यावरची जहाजं

"बाई, तळ्यात कधी जहाज बुडतं का?"

चौथीच्या वर्गात जगाचा नकाशा टांगला होता आणि मी उत्तर अमेरिकेतल्या पाच मोठ्या सरोवरांवरून पट्टी फिरवत होते. तिथे बुडालेल्या एका जहाजाचं नाव घेतलं, तर सगळा वर्ग हसायलाच लागला! मुलांचं तरी काय चुकलं? सरोवर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गावचं तळं येतं, फार तर त्यातली एखादी होडी. मग मी त्यांना त्या जहाजाच्याच वाटेनं घेऊन गेले. तुम्हीही चला. नकाशा मात्र जवळ ठेवा हं!

सुपीरियर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी आणि ओंटॅरिओ ही ती पाच सरोवरं. एकटं मिशिगन पूर्णपणे अमेरिकेत. बाकीची चार अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर पसरलेली. सर्वांत मोठं सुपीरियर. आपल्या महाराष्ट्राचे चार सारखे भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही ते मोठं भरेल. मधोमध गेलात तर कुठल्याच बाजूला किनारा दिसत नाही. पाणी मात्र गोडं, बरं का!

सुपीरियरच्या पश्चिम टोकाला डुलुथ आणि सुपीरियर ही जोडबंदरं आहेत. (हो, गावाचं नावही सुपीरियरच!) जवळच्या खाणींतलं लोहखनिज दळून त्याच्या गोट्यांसारख्या गोळ्या करतात आणि त्या जहाजात ओततात. डुलुथच्या पुलाचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. खालून जाणारं जहाज भोंगा वाजवतं आणि पूलही भोंग्यानंच उत्तर देतो.

ही जहाजं लांबच लांब आणि अरुंद असतात. काही तर १,००० फुटांहून लांब आहेत. ती कधीच समुद्रावर जाऊ शकत नाहीत, कारण वाटेतल्या वेलंड कालव्याच्या दारांतून ती मावतच नाहीत. जन्म सरोवरात आणि म्हातारपणही सरोवरातच. पण गोड्या पाण्यात लोखंड लवकर गंजत नाही, त्यामुळे त्यांना आयुष्य मोठं मिळतं. १९०६ साली पाण्यात उतरलेलं 'सेंट मेरीज चॅलेंजर' २०१३ पर्यंत आपल्या इंजिनाच्या जोरावर माल वाहत होतं. मोजा बरं, किती वर्षं झाली!

आता आमच्या वर्गातल्या त्या जहाजाकडे येऊ. त्याचं नाव 'एडमंड फिट्झजेराल्ड'. लांबी ७२९ फूट. १९५८ साली ते पाण्यात उतरलं, तेव्हा या सरोवरांवर त्याच्याएवढं मोठं जहाज नव्हतं. ९ नोव्हेंबर १९७५ रोजी सुमारे २६ हजार टन खनिज घेऊन ते सुपीरियर बंदरातून डेट्रॉइटकडे निघालं. जहाजावर २९ माणसं होती.

नोव्हेंबर हा इथला वाईट महिना. उत्तरेची गार हवा आणि दक्षिणेची उबदार हवा सरोवरांवर एकमेकींना भिडतात आणि वादळं उठतात. दुसऱ्या दिवशी २५ फुटांपर्यंतच्या लाटा उसळल्या, म्हणजे दुमजली घराएवढ्या! फिट्झजेराल्डचं रडार बंद पडलं. मागून येणारं 'आर्थर अँडरसन' हे जहाज त्याला रेडिओवरून वाट सांगत होतं. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास अँडरसनच्या रडारवरून फिट्झजेराल्ड अचानक नाहीसं झालं. मदतीची हाकसुद्धा आली नाही.

अँडरसन व्हाइटफिश उपसागरात सुखरूप पोहोचलं. पण तटरक्षक दलानं विचारल्यावर ते त्याच वादळात परत फिरलं, शोधायला. वर्गात इथवर आले, तेव्हा कोणी हसत नव्हतं. सापडल्या त्या रिकाम्या जीवनरक्षक होड्या. २९ जणांपैकी एकही परतला नाही. जहाज नेमकं कशामुळे बुडालं, यावर अजूनही जाणकारांचं एकमत नाही.

फिट्झजेराल्डची उरलेली वाट आपण पुरी करू. पुढे सू गावची दारं लागतात. सुपीरियरचं पाणी ह्यूरॉनपेक्षा सुमारे २१ फूट उंचावर आहे. पूर्वी इथे माल उतरवून खडकाळ प्रवाहाच्या बाजूनं जमिनीवरून न्यावा लागे. १८५५ साली कालवा झाला. जहाज एका मोठ्या हौदात शिरतं, मागचं दार बंद होतं, पाणी सोडून देतात आणि जहाज हळूहळू खाली उतरतं. वर जाणाऱ्या जहाजासाठी हौद भरायचा, तर वरचं पाणी आपलं आपणच आत येतं, पंप लागत नाही!

मग ह्यूरॉन ओलांडून आपण डेट्रॉइट नदीत येतो. इथे एक टपालबोट चालत्या जहाजाला येऊन चिकटते. वरून दोरीला बांधलेली बादली खाली येते, तिच्यात पत्रं ठेवली की सरसर वर जाते. जहाज थांबतसुद्धा नाही. वेस्टकॉट कंपनीनं नदीत जहाजांकडे जाण्याचं काम १८७४ साली सुरू केलं, आणि तिच्या टपालबोटीला स्वतःचा पिनकोडही मिळाला!

डेट्रॉइटमध्ये खलाशांचं एक जुनं चर्च आहे. ११ नोव्हेंबर १९७५ च्या सकाळी तिथली घंटा २९ वेळा वाजली.

फिट्झजेराल्ड अजून तळाशीच आहे, ५३० फूट खोल. १९९५ साली पाणबुड्यांनी त्याची घंटा तेवढी वर आणली. व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात ती ठेवली आहे. तिच्या जागी, खाली पाण्यात, त्यांनी दुसरी घंटा बसवली. तिच्यावर २९ नावं कोरलेली आहेत.