हाताचा भाव

आम्हा मध्यमवर्गीयांना मेल्यानंतरची काळजी फार. आपल्यामागे बायकोला किती मिळतील, हे पाठ असते. पण न मरता नुसतेच अंथरुणाला खिळलो तर? हा प्रश्न आम्ही 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून उडवून लावतो.

मी बँकेतला कारकून. वय ४५, पगार ५०,००० धरा, निवृत्तीला १५ वर्षे. म्हणजे या देहातून अजून ९० लाख निघायचे आहेत! कॉमर्सच्या भाषेत मी भरभक्कम मालमत्ता आहे. (घरात हे मत कोणाचेच नाही.)

आमच्या काउंटरवर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे फॉर्म असतात. २०१५ साली वर्षाचा हप्ता १२ रुपये होता, २०२२ पासून २०. अपघातात दोन्ही हात किंवा पाय कायमचे गेले तर २ लाख. एकच गेला तर १ लाख. दोन कटिंगच्या पैशांत आणखी काय मागणार?

परवा एका रिक्षावाल्या खातेदारांनी मागितलेच. "साहेब, पाय मोडून तीन महिने घरी बसलो तर?"

"काही नाही."

"म्हणजे पुरताच जायला हवा होय?"

मी शिक्का शोधू लागलो.

मुद्दा खरा होता. मला आजारपणाची रजा आहे, रिक्षाला नाही. तेव्हा वेगळा अपघात विमा घेताना एजंटाला आधी विचारा, "पडून असेन तोवर आठवड्याला किती?" 'तात्पुरते पूर्ण अपंगत्व' हे कलम बहुधा जादा पैसे भरून घ्यावे लागते. शिवाय अपघात विमा अपघातापुरताच. अर्धांगवायूला तो ओळख देत नाही.

स्कूटरचा विमा आपण न चुकता भरतो. तो भरणारा हात मात्र रामभरोसे!