झाडपाल्याची नात

गुडमारचं पान चावा आणि वर चिमूटभर साखर खा. वाळू! पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरचे गोडाचे रिसेप्टर थोडा वेळ अडवतात. हे आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नाही, आजीने शिकवलं. आता ती म्हणते, "हाच पाला खाईन, गोळ्या बंद!" पण आजी, जीभ फसली म्हणून रक्तातली साखर फसत नाही गं. आणि तुझी मेटफॉर्मिनची गोळी तरी कोण? झाडपाल्याचीच नात! तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा वनस्पतीतल्या द्रव्यांत. १९२२ मध्ये ती प्रयोगशाळेत बनली, १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी मधुमेहावरचे तिचे प्रयोग प्रसिद्ध केले. फरक एवढाच, की गोळीवर ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं; पानावर काहीच नसतं. गुडमारवर संशोधन होऊ दे. तोवर पाला डॉक्टरांना विचारून, गोळी मात्र रोज. ऐकशील ना?