बिबिमबापची खरवड

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर 'आज काय खायचं?' याला पूर्वी दोनच उत्तरं असायची. चायनीज नाहीतर पंजाबी. आता तिसरं आलंय, 'चल, कोरियन मारू!'

पुण्याला कोरियन खाणं तसं नवं नाही. रांजणगावात एलजीचा कारखाना आला, तेव्हापासून तिथल्या कोरियन साहेबांसाठी शहरात छोटी, साधी हॉटेलं होती. आपण त्या दारात फिरकत नव्हतो, एवढंच. मग २०२० मध्ये 'पॅरासाइट'ला ऑस्कर मिळालं, लॉकडाऊनमध्ये के-ड्रामा घरोघरी शिरला, २०२१ मध्ये 'स्क्विड गेम' आला... आणि फ्युजनची लाट आली. पनीर बिबिमबाप, किमची थालीपीठ, गोचुजांग पावभाजी. अस्सल कोरियनचे भक्त नाकं मुरडतात. मुरडू देत! मंचुरियन चीनमध्ये शोधून सापडत नाही, ते १९७५ च्या सुमाराला मुंबईत नेल्सन वांग यांनी केलं, असं सांगतात. आणि खुद्द कोरियात युद्धानंतर अमेरिकन लष्करी तळांवरचं डबाबंद मांस किमचीच्या रश्श्यात टाकून जे कालवण झालं, ते बुदे-जिगे लोक आजही चवीनं खातात. ज्या मिरचीवरून आपण 'अरे, हे तर आपल्यासारखंच!' म्हणतो, ती तरी कुठं कुणाची? दोघांकडेही परदेशी पाहुणीच.

तर फ्युजनची मी पक्की वकील. पण धाकट्या बहिणीनं आमच्या बाबांना, म्हणजे कराडच्या एका निवृत्त, माळकरी शिक्षकांना, बाणेरच्या फ्युजन रेस्टॉरंटमध्ये नेऊया म्हटलं, तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. कारण मामला जेवणाचा नव्हता. तिला एम.ए.ला कोरियात जायचंय. तिथल्या सरकारची स्कॉलरशिप आहे, एक वर्ष भाषा आणि दोन वर्षं शिक्षण. कोरियन भाषेची परीक्षा ती पास झालीय. हा विषय निघाला की बाबा नाही म्हणत नाहीत. ते सरळ पावसापाण्याचं बोलायला लागतात.

टेबलावर बहिणीनं बाबांना दोन्ही हातांनी पाणी ओतून दिलं. "तीर्थ देतेस काय?" बाबा म्हणाले. मोठ्यांना तिकडे असंच देतात, त्यांनी चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनी जेवायला सुरुवात करायची नाही, असं तिनं सांगितलं. "बरी रीत आहे," बाबा म्हणाले आणि चमचा उचलला. गोचुजांग चाखून निकाल दिला, "ठेच्यात गूळ पडलाय." किमचीच्या आधी वेटरला दोनदा विचारलं. मासळी नाही, सॉसही नाही, अशी ग्वाही मिळाल्यावर खाल्ली, परत मागितली. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग बाबांनी डाव टाकला. "सगळं इथंच मिळतंय की. मग तिकडं कशाला जायचं?"

काय बोलणार? फ्युजनची सगळी वकिली माझ्याच अंगावर आली होती. मी आपली नॅपकिनची घडी घालत बसले. बहीण मात्र शांतपणे म्हणाली, "बाबा, हे तिकडचं नाही. हे तुमच्यासाठी केलेलं आहे. तिकडच्या किमचीत बहुतेक वेळा मासळीचा सॉस असतो, नाहीतर खारवलेली कोळंबी."

अगं, कुणी विचारलं होतं तुला?

"मग तू काय खाणार?"

"जमेल तिथं बिनमासळीचं बघेन. नाही जमलं तर खाईन. तुम्हाला खोटं सांगून जाणार नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेजारच्या टेबलावर कॉर्न डॉगचं फोटोसेशन चाललं होतं. बाबा बिबिमबापच्या दगडी भांड्याचा तळ चमच्यानं खरवडत होते. तापलेल्या दगडाला लागून भात तांबूस, कुरकुरीत झाला होता. घरीही पातेल्याची खरवड त्यांचीच असते, आम्हाला कधी मिळाली नाही.

"याला काय म्हणतात?"

"नुरुंगजी. त्यात गरम पाणी घालतात, उकळतात आणि जेवण झाल्यावर पितात."

"माझी आई ताक घालायची," बाबा म्हणाले आणि वेटरकडे गरम पाणी मागितलं. तो बिचारा लिंबू आणि फिंगर बोल घेऊन आला! बाबांनी लिंबू बाजूला ठेवलं, पाणी भांड्यात ओतलं, खरवड भिजू दिली आणि चमच्यानं थोडं थोडं पीत राहिले. बिल येईपर्यंत दुसरा विषय नाही.

गाडीत एकच प्रश्न. "जानेवारीत थंडी किती?"

"सोलमध्ये उणे दहापर्यंतही जाते."

"मग स्वेटरनं भागायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते कराडला गेले. हो म्हणाले नाहीत. बहिणीचा अर्ज अर्धा भरून लॅपटॉपमध्ये पडून आहे. बाबांची सही त्यावर लागत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

बुधवारी आईचा फोन आला. स्वारगेटला उतरलेल्या मामांकडून डबा घ्यायचा वगैरे बोलणं चाललं होतं. मागून बाबांचा आवाज आला, "ते बिनमासळीचं लोणचं घरी घालता येतं का, विचार तिला. कोबी कुठला लागतो तेही विचार."